देवरे सरांचा टोला

धुळ्याच्या भाजीमंडईत शिरायचं तर आधी फाटकाला तीन इंग्रजी शब्द म्हणून दाखवावे लागत. फाटक शब्द सांगायचं, तुम्ही म्हणायचे. रेनकोट, फुटबॉल, स्टेशन रोड. नाहीतर टूथब्रश, न्यूजपेपर, ॲपल पाय. शब्द रोज बदलत, पण सगळे जोडशब्द, म्हणजे दोन शब्द एकमेकांना चिकटवून केलेले. मेथीची जुडी घ्यायला आलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा फाटकासमोर पदर सावरून ‘ब्ल्यूप्रिंट’ म्हणायच्या आणि फाटकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आत जायच्या. फाटकाला शिव्यांचं काही वाटत नसे. त्याला फक्त टोला हवा असायचा.

टोला हा लोकांनीच रूढ केलेला शब्द. जोडशब्द उच्चारताना माणूस कुठल्या भागावर जोर देतो, तो भाग किती लांबवतो, आवाज किती चढवतो आणि दोन भागांच्या मध्ये किती दम खातो, या सगळ्याचं मिळून जे माप निघतं, तो त्या माणसाचा टोला. बँक, बस, दवाखाना, राहत्या इमारतीचं फाटक, सगळीकडे तोच चाले, कारण दुसरं काही चालेनासं झालं होतं. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागली होती. आई फोनवर रडतेय म्हणून लोकांनी घरं विकली, आणि आई शेजारच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली निघाली! तेव्हा कुठे शोध लागला, की जोडशब्दांवरचा जोर काही यंत्राला उचलता येत नाही. प्रत्येक माणूस प्रत्येक शब्दाला वेगळा ठोका देतो, आणि एका शब्दावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही. यंत्र नेमकं अंदाजावर जगतं, त्यामुळे ते तिथे हटकून फसायचं.

हे सगळं छान होतं, पण ज्याला टोला नाही त्याने काय करावं? जन्मापासून मुक्या माणसांसाठी सरकारने वेगळी सोय केली होती. उन्मेष भामरेला मात्र ती मिळाली नव्हती, कारण त्याच्या गळ्यात, जिभेत, मेंदूत कशातच दोष नाही असा दाखला डॉक्टरांनी देऊन ठेवला होता. त्याला बोलता येत होतं. तो बोलत नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षी त्याने तोंड मिटलं ते मिटलंच, आणि आता त्याच्या मिशा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या.

त्याची मोठी बहीण ऋजुता त्याला ‘सोबत’ म्हणून सगळीकडे नेई. ही एक सवलत होती. टोला असलेल्या माणसाने फाटकात स्वतःचा टोला द्यायचा, फाटक विचारी, ‘सोबत कोण?’, मग बरोबरच्या माणसाचं नाव सांगितलं की तोही आत. ऋजुता ठसक्यात सांगे, "माझा भाऊ, उन्मेष भामरे. बोलत नाही. माझ्या टोल्यावर घे." उन्मेष हातात पिशवी घेऊन तिच्या मागून मुकाट आत जाई. देवपुरात दोघांची मेस होती, कॉलेजच्या मुलांसाठी. स्वयंपाक उन्मेषचा. शेवभाजी अशी करायचा की मुलं ताट चाटूनपुसून ठेवत. बोलणं, भांडणं, ओरडणं हे सगळं खातं ऋजुताचं.

आणि ऋजुता जे बोलायची त्यात निम्मं लहानपणीच्या इंग्रजी क्लासच्या देवरे सरांबद्दल असायचं. मेसमधल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ते ऐकावं लागे. "माझ्या भावाचा आवाज गिळला त्या माणसाने," ती पोळी ताटात आपटत म्हणायची. "लग्न नाही केलं मी, का? तर याला कोण बघणार? एकदा सापडू दे तो मेला. जसा याला चार भिंतींत कोंडलाय, तसाच कोंडते की नाही बघा." ही नुसती बडबड नव्हती. रोज सकाळी भावाचं गप्प तोंड बघून तिच्या डोक्यात जी तिडीक जायची, ती रात्री झोपेपर्यंत उतरत नसे.

अडचण एकच होती. देवरे सापडत नव्हता. क्लासच्या मुलांच्या आईबापांनी तक्रार केल्यावर त्याने गाशा गुंडाळला होता आणि नाव बदलून कुठेतरी नाहीसा झाला होता.

म्हणून जळगावच्या डॉक्टर नसीमा तडवींनी बातम्यांमध्ये ‘टोल्याला वंश असतो’ असं सांगितलेलं ऐकताच ऋजुताने दुसऱ्या दिवशी मेसला सुट्टी दिली.

डॉक्टर तडवींची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक चहाची किटली. बाई साठीच्या, केस कापलेले, बोलणं तडकाफडकी. उन्मेषला त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दिली आणि ऋजुताला समोर बसवलं.

"म्हणा, स्टेशन रोड."

ऋजुता म्हणाली.

"जोर कुठे दिलात?"

"स्टेशनवर. दुसरीकडे कुठे देणार?"

"इंग्लंडचा माणूस रोडवर देतो. आणि रोडऐवजी स्ट्रीट असेल, तर पहिल्या शब्दावर देतो. ॲपल केक म्हणताना ॲपलवर, ॲपल पाय म्हणताना पायवर. का, ते त्यालाही धड सांगता येत नाही. बहुतेक जोडशब्दांत जोर पहिल्या भागावर असतो हे खरं. ब्लॅकबोर्ड, रेनकोट, फुटबॉल. पण सगळ्यांत नाही. जिथे नियम संपतो तिथे कानावर विसंबावं लागतं."

"बरं, मग?"

"मग आपण मराठी माणसं. आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना साधारण सारखंच वागवतो. एकाला डोक्यावर घ्यायचं आणि दुसऱ्याला पायाशी बसवायचं, ही आपली रीत नाही. त्यामुळे इंग्रजी जोडशब्द पहिल्यांदा तोंडात येतो तेव्हा त्याला ठोका कुठे द्यायचा, हे आपल्याकडे घरचं असं काही नसतं. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा शिकलो त्याचाच ठोका उचलतो. बारा वर्षांच्या आत उचललेला ठोका मेंदूत असा काही बसतो, की पुढे माणूस लंडनला जाऊन राहिला तरी तो हलत नाही."

"म्हणजे मास्तरचा ठोका पोरात उतरतो?"

"उतरतो म्हणजे काय, मुक्कामालाच येतो!" तडवी हसल्या. "प्रत्येकाच्या टोल्यात वरचा थर स्वतःचा असतो, आणि खाली मास्तरचा. त्या खालच्या थराला मी गुरुठसा म्हणते. एका मास्तरचे चार विद्यार्थी मला द्या, त्यांच्या टोल्यांतलं जे जे सारखं आहे ते वेगळं काढून मी मास्तरचा टोला मांडून दाखवते. चार नातवंडांची नाकं पाहून आजोबांचं नाक कसं होतं ते आपण सांगतो की नाही, तसंच."

ऋजुता खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. "आणि तो मास्तर जिवंत असला, नाव बदलून कुठे दडून बसला असला, तर?"

"भाजी घ्यायला तरी बाहेर पडत असेलच ना."

ऋजुताने टाळीच वाजवली. मग तिने सगळं सांगितलं. खरं तर ते सांगणं तिचं इतकं पाठ होतं की सांगताना चहा निवत नसे.

सायकलच्या दुकानावरच्या माडीवर चंद्रहास देवरेचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. ऋजुता आणि उन्मेष दोघंही तिथे जात. देवरेची पद्धत अशी, की शब्द म्हणजे इमारत. जोडशब्दाला दोन घरं, आणि घरांत खोल्या. न्यूजपेपर म्हणजे पहिलं घर न्यूज, एका खोलीचं. दुसरं घर पेपर, दोन खोल्यांचं. "खोल्या मोजा!" असं तो ओरडे, आणि मग टेबलावर लाकडी पट्टी पडे ती पहिल्या घरावर. सगळा वर्ग एका सुरात म्हणे, न्यूजपेपर! टूथब्रश! ब्लॅकबोर्ड! पट्टी पहिल्या घरावरच पडणार, हा देवरेचा एकमेव नियम. त्याला अपवाद असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलेलं खपत नव्हतं.

उन्मेषला क्रिकेटचं वेड. वडिलांच्या फोनवर तो जुन्या सामन्यांची इंग्रजी कॉमेंटरी ऐकत बसायचा, चित्र न बघता. एक दिवस वर्गात शब्द आला थर्ड मॅन. देवरेने पट्टी थर्डवर मारली. उन्मेष ‘मॅन’वर जोर देऊन बोलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. "सर, कॉमेंटरीत असंच म्हणतात," एवढं तो बोलला आणि झालं. देवरेने त्याला बाकावर उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, हा शहाणा जसं म्हणतो तसं सगळ्यांनी म्हणायचं, त्याच्या तोंडाकडे बघून, हा सुधारेपर्यंत. थर्ड मॅऽऽन! थर्ड मॅऽऽन! रोज क्लासची सुरुवात तशीच. उन्मेष आधी रडला, मग चिडला, मग वर्गात बोलेनासा झाला. मग घरी बोलेनासा झाला. आईवडिलांनी धुळं, नाशिक, मुंबई पालथं घातलं. सगळे डॉक्टर म्हणाले, बोलेल हो, बोलेल.

"आणि गंमत अशी," तडवी हळूच म्हणाल्या, "की त्यांचं बरोबर होतं. थर्ड मॅन, स्क्वेअर लेग, यांत जोर दुसऱ्यावरच असतो."

खिडकीजवळ बसलेल्या उन्मेषने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती दातओठ खात म्हणाली, "मला तो माणूस हवाय, मॅडम. काय वाट्टेल ते करा."

त्या क्लासमधली आणखी तिघं धुळ्यातच होती. ऋजुताने त्यांना गळ घालून जळगावला पाठवलं. पुढच्या वेळी भावाबहिणीला तडवींनी बोलावलं तेव्हा मास्तरचा टोला फाटकांच्या नोंदींशी ताडून त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. चंद्रहास देवरे नाशिकच्या एका वृद्धनिवासात ‘सदानंद वाघ’ म्हणून राहत होता. रोज सकाळी बागेच्या फाटकाला टोला देऊन फिरायला जायचा, तब्येत ठणठणीत. खोट्या नावाने टोला नोंदवणं हा गुन्हा होता आणि त्याला एकच शिक्षा होती, टोलाबंदी. एकदा टोला बाद झाला की त्या माणसाला कुठलंही दार उघडायचं नाही.

तक्रार दिली की झालं, असं ऋजुताला वाटलं. पण तडवी किटलीशी चाळा करत बसल्या होत्या.

"ऋजुताताई, दोन गोष्टी आहेत. एक ऐकायला सोपी आहे आणि एक अवघड. सोपी आधी सांगते. टोला काही नेमका एकच बिंदू नसतो. सर्दी होते, माणूस दमतो, ठोका इकडेतिकडे होतो. म्हणून बाद टोल्याच्या आजूबाजूचा पट्टाही फाटकं बाद करतात, नाहीतर गुन्हेगार जरा सूर बदलून आत घुसेल. देवरेच्या आजूबाजूला कोण असणार?"

"त्याचे विद्यार्थी."

"सगळे नाहीत. ज्यांचा स्वतःचा वरचा थर जाड आहे ते पट्ट्याबाहेर आहेत. तुमच्या त्या तिघांना काही होणार नाही. पण तुम्ही अगदी आतल्या भागात आहात. देवरेचं दार बंद झालं की तुमचंही होईल, आणि ते पुन्हा उघडून घ्यायचा मार्ग अजून तरी कायद्यात नाही."

मंडई, बँक, गॅस, मेस. क्षणभर ऋजुताला सगळं डोळ्यांपुढे बंद होताना दिसलं. मग म्हणाली, "आणि अवघड गोष्ट?"

"तुमचा टोला देवरेच्या इतका जवळ का आहे, ते." तडवींनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "नुसतं वर्गात बसून, सगळ्यांबरोबर म्हणून ठसा इतका खोल जात नाही. त्यासाठी आघाडीवर असावं लागतं. ठोका स्वतःच्या हाताने द्यावा लागतो. बाकी तिघांच्या टोल्यात देवरेच्या खाली आणखी एक फिकट ठसा आहे, आणि तो तुमचा आहे. वर्गाला म्हणवून तुम्ही घेत होतात, नाही का?"

आता हे मात्र ऋजुताच्या पाठ केलेल्या गोष्टीत कधीच नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मॉनिटर होते मी," ती म्हणाली. "सर दमले की पट्टी माझ्याकडे देत. म्हणजे... त्यांना दमा होता. म्हणून. मी काय करणार होते? नाही म्हटलं असतं तर माझ्या हातावर बसली असती. अकरा वर्षांची पोर मी! आणि तुम्ही मला काय विचारता, त्याला विचारा ना!"

तिने ‘त्याला’ म्हणून नाशिकच्या दिशेला बोट केलं होतं. उन्मेष खिडकीतून बाहेर बघत होता.

तडवींनी आवाज खाली आणला. "मी तुम्हाला दोष देत नाहीये. फक्त विचार करून ठरवा. तुमचं दार बंद झालं तर यांचं काय? हे तुमच्या सोबतीवर जगतात."

"शेजारच्या खैरनारवहिनी आहेत. त्या घेतील आम्हाला दोघांना सोबत."

"आणि उन्मेषभाऊ स्वतः बोलले तर? यांच्यावर देवरेचा ठसा असणारच नाही, त्यांनी तो घेतलाच नव्हता. राहतात त्या इमारतीच्या फाटकात पहिला टोला कुठल्याही वयात देता येतो. घर मग त्यांच्या टोल्यावर चालेल, घरच्या कुणाला सोबत घ्यायचं तेही तेच सांगतील."

"हा?" ऋजुता कडवट हसली. "चाळीस वर्षं होत आली, मॅडम. आई गेली तेव्हासुद्धा याच्या तोंडून ‘आई’ निघालं नाही."

मग ती उठून भावासमोर गेली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून उकिडवी बसली. "उन्मेष, ऐकलंस ना सगळं? त्याला बंद करायचं तर मीही बंद होणार. मंडई नाही, बाजार नाही, काही नाही. तुझ्यासारखीच घरात बसेन मी. चालेल मला. तुझ्यासाठी काहीही चालेल. पण तू सांग. करू ना?"

उन्मेषने तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान हलवली, होकाराची, एकदा नाही, दोनदा.

ऋजुताने त्याचा हात कपाळाला लावला. "बघितलंत?" ती तडवींना म्हणाली. "त्याच्या मनातसुद्धा हेच होतं. इतकी वर्षं!"

सुनावणी नाशिकला झाली. तडवींनी आपल्याच गाडीतून दोघांना नेलं, कारण परतताना ऋजुताला बस उघडणार नव्हती. अधिकाऱ्याने सही केली आणि देवरेला आतल्या फाटकासमोर उभं केलं, बंदी लागू झाली का हे तपासायला. देवरे आता वाळून काटकुळा झाला होता, पण केस नीट विंचरलेले, सदऱ्याला कडक इस्त्री. फाटकाने शब्द दिले, ब्लॅकबोर्ड, टूथब्रश, हँडबॅग. देवरेने ते म्हटले. लाल दिवा. त्याने घसा खाकरून पुन्हा म्हटले. लाल दिवा. त्याने आवाज चढवला. त्याच्या हाताची बोटं आपोआप मांडीवर ठोका देऊ लागली.

ऋजुताने या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली होती, की आता तिला घाई नव्हती. ती पुढे गेली.

"पुन्हा म्हणा, सर," ती म्हणाली. "सुधारेपर्यंत म्हणायचं. खोल्या मोजून म्हणा. सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत." तोंडातून ‘सर’ निघाल्याचा तिला राग आला, पण बाकी सगळं गोड लागत होतं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. तो आणखी दोनदा बोलला, आणि दोन्ही वेळा तिने मान हलवून ‘चूक’ म्हटलं.

मग देवरेने तिच्याकडे वळून डोळे बारीक केले. "भामरे ना तू? ऋजुता? अगं, आवाजावरून ओळखलं मी." आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं! "माझी मॉनिटर. पट्टी तुझ्याइतकी अचूक कुणाची पडली नाही, माझीसुद्धा नाही. त्या तुझ्या भावाला तर तूच सरळ केलंस. मी दोन दिवसांत सोडून दिलं असतं, पण तू म्हणालीस, सर, अजून नाही सुधारला."

"खोटं बोलू नका!" ऋजुता किंचाळली. शिपायाने देवरेला बाजूला घेतलं. ती मागे वळली. उन्मेष भिंतीशी उभा होता आणि शांतपणे तिच्याकडे बघत होता. "खोटं बोलतोय तो," तिने त्याला सांगितलं. "म्हातारचळ लागलाय."

परतीच्या वाटेवर ती आधी भरभरून बोलली. त्याचा लाल दिवा, त्याचा घाम, त्याची इस्त्री. हळूहळू तिचं तिलाच बोलणं पोकळ वाटायला लागलं आणि चांदवडपुढे ती गप्प झाली. अजून नाही सुधारला. असं म्हणालो होतो का आपण? म्हणालोही असू. घरी उन्मेष ती कॉमेंटरी सारखी ऐकायचा, वडील त्याचं कोडकौतुक करायचे, आणि वर्गात मात्र पट्टी तिच्या हातात असायची. त्या वयात असं होतं माणसाचं. ती गाडीच्या काचेवर डोकं टेकून बसली.

देवपुरात पोचले तेव्हा संध्याकाळच्या जेवणाची वेळ होत आली होती. तडवी निरोप घेऊन निघून गेल्या. ऋजुताने सवयीने फाटकाला टोला दिला. लाल दिवा लागला. माहीत असूनही तिने तो दुसऱ्यांदा देऊन पाहिला.

"थांब हं," ती भावाला म्हणाली, "वहिनींना हाक मारते."

पण उन्मेष तिला ओलांडून पुढे गेला होता. फाटकाने त्याला शब्द दिले. त्याने श्वास घेतला आणि तीनही शब्द एकेक करून म्हटले. आवाज खरखरीत होता, जोर मात्र सगळीकडे बरोबर पडला. फाटकाने त्याचा पहिला टोला नोंदवला, घर त्याच्या नावावर चढवलं आणि हिरवा दिवा लावला.

ऋजुताला काय करावं ते कळेना. ती हसली, रडली, तिने दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. "बोललास! अरे, बोललास तू! वहिनी, अहो वहिनी, या ना खाली, उन्मेष बोलला!"

फाटकाने विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाही," उन्मेष म्हणाला.

तिला वाटलं, गोंधळला असेल. "अरे, माझं नाव सांग. त्याला माझं नाव सांगावं लागतं."

उन्मेषने तिचे हात खांद्यांवरून काढले, हळूच, भांडं खाली ठेवावं तसे. फाटक उघडलं होतं. तो आत गेला आणि वळून उभा राहिला. तेव्हा तिला समजलं, की जळगावला त्याने मान हलवली ती कशाला. तडवी बोलत होत्या ते सगळं त्याने ऐकलं होतं. देवरेचं दार बंद होणार हे त्याला कळलं होतं, आणि त्याबरोबर आणखी कुणाचं होणार, तेही.

"मी अकरा वर्षांची होते रे!" ती ओरडली.

"मी दहा वर्षांचा होतो," उन्मेष म्हणाला.

फाटक बंद झालं. खैरनारवहिनी धावत खाली आल्या, त्यांनी आतून टोला दिला, ऋजुताचं नाव सोबत म्हणून सांगितलं. फाटकाने उत्तर दिलं, की या बाई ज्या घरच्या, त्या घरच्या टोलाधारकाने नकार नोंदवला आहे. वहिनींनी परत विचारलं, परत तेच. "काहीतरी गडबड आहे बाई, सकाळी बघू," असं म्हणत त्या खाली मान घालून वर गेल्या.

मेसची मुलं एकेक करून येऊ लागली. टोला देऊन आत जात होती. काकू बाहेर का उभ्या, असं एकदोघांनी विचारलं, आणि तिने हाताने ‘जा’ म्हटलं. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून फोडणीचा वास येत होता आणि उन्मेषचा आवाज येत होता. त्याचा आवाज मोठेपणी कसा असेल याचा तिने किती विचार केला होता! वडिलांसारखा निघाला. तो मुलांना नावं विचारत होता, कुणाला जागा करून देत होता, बसा बसा म्हणत होता. मुलं आधी अवाक झाली आणि मग एकदम सगळी बोलायला लागली. ऋजुता भिंतीला टेकून, एक शब्द निसटू नये म्हणून श्वास रोखून ऐकत राहिली.

कुणीतरी विचारलं, "पण काकू खाली का थांबल्यात?"

"त्या आता येणार नाहीत," उन्मेष म्हणाला. "भाजी वाढू का अजून?"